निवृत्त आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटूने प्रशिक्षक कसे व्हावे: पुण्यातील खेळाडूंसाठी मार्गदर्शन

देशाच्या संघाकडून खेळलेला फुटबॉलपटू निवृत्त होऊन पुण्यात स्थिरावला की, थोड्याच दिवसांत एखाद्या शाळेतून, अकादमीतून किंवा टर्फ चालवणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांकडून ‘आमच्या मुलांना शिकवाल का?’ अशी विचारणा होते. ती स्वीकारण्यात काहीच गैर नाही. मात्र ही विचारणा तुमच्या खेळाच्या पुण्याईवर झालेली असते आणि पुढची वीस वर्षे तुम्ही कसे शिकवता यावर ठरणार असतात, हे पहिल्याच दिवशी मनाशी स्पष्ट असलेले बरे. खेळणे आणि शिकवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. दुसरे काम तळापासून शिकावे लागते, आणि ज्यांनी ते तसे शिकून घेतले त्यांचाच भारतीय फुटबॉलमध्ये दीर्घकाळ निभाव लागला, असे माझे ठाम मत आहे.

या मताला आपल्याच इतिहासाचा आधार आहे. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांतील सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथे स्थान भारताने ज्यांच्या हाताखाली मिळवले, ते सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने हैदराबादमधील शिक्षक होते. त्यांच्या संघातून खेळलेले पी. के. बॅनर्जी पुढे प्रशिक्षक झाले आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हेही पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी ठरले. बॅनर्जी आणि नईमुद्दीन हे दोघेही मोठे खेळाडू होते, पण या परंपरेच्या मुळाशी वर्गात उभे राहून शिकवणारा एक शिक्षक आहे, ही गोष्ट प्रत्येक माजी खेळाडूने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आधी भूमिका ठरवा

‘प्रशिक्षक’ या एका नावाखाली बरीच कामे येतात. मुख्य प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक, वयोगटांच्या संघांचा प्रशिक्षक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, तंदुरुस्तीचे काम पाहणारा, सामन्यांच्या चित्रफितींचे विश्लेषण करणारा आणि नव्या खेळाडूंचा शोध घेणारा, या प्रत्येकाचा दिवस वेगळा असतो आणि प्रत्येकाला लागणारा स्वभावही वेगळा असतो. तुम्ही गोलरक्षक असाल, तर त्या प्रशिक्षणाचे परवाने स्वतंत्र आहेत आणि पुण्यासारख्या शहरात चांगल्या गोलरक्षक-प्रशिक्षकाची उणीव नेहमीच जाणवते. बाकीच्यांनी पहिले दोन हंगाम सहायक म्हणून किंवा लहान वयोगटाबरोबर काढावेत, असा माझा आग्रह आहे. पुण्याच्या जुन्या प्रेक्षकांना आठवत असलेले इझुमी अराता याचे चांगले उदाहरण आहेत. जपानमध्ये जन्मलेला हा खेळाडू पुणे एफसीकडून खेळला, भारतीय नागरिकत्व घेऊन भारताकडूनही खेळला आणि निवृत्तीनंतर रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या अकादमीत किशोरवयीन मुलांना शिकवू लागला.

घाई न केल्याचे फळ कसे असते, ते खालिद जमील यांच्या वाटचालीत दिसते. दुखापतींमुळे त्यांचा खेळ लवकर थांबला आणि २००९ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडली असताना, मुंबई एफसीची सूत्रे त्यांच्याकडे आली. बेताच्या खर्चात चालणाऱ्या त्या संघाला त्यांनी अनेक हंगाम आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत टिकवून धरले. त्यानंतर २०१६-१७ च्या हंगामात त्यांनी मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, पुढे नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर हे इंडियन सुपर लीगमधील संघ सांभाळले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या जबाबदारीपासून राष्ट्रीय संघापर्यंत सोळा वर्षे गेली, आणि त्यातली बरीचशी वर्षे पडझड रोखण्याच्या, बातमीत न येणाऱ्या कामात गेली. ज्याला या पेशात यायचे आहे, त्याने आपल्या मनातला कालावधी याच मापाने आखावा.

परवान्यांची शिडी

अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आशियाई फुटबॉल महासंघ यांच्या रचनेत डी, सी, बी, ए आणि प्रो अशा पाच पायऱ्या आहेत. डी परवान्याचा अभ्यासक्रम काही दिवसांचा आणि प्राथमिक स्वरूपाचा असतो. सी पासून पुढे तो लांबत जातो, आणि ए व प्रो परवान्यांचे काम टप्प्याटप्प्याने, मधल्या काळात स्वतःच्या संघाबरोबर प्रत्यक्ष शिकवत पूर्ण करावे लागते. दोन पायऱ्यांच्या मध्ये ठरावीक अनुभव दाखवावा लागत असल्यामुळे एकाच वर्षात सगळी शिडी चढून जाता येत नाही. इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायचे असेल, तर प्रो परवाना किंवा त्याच्या तोडीचा परवाना लागतो. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना प्रवेशात काही वेळा सवलत मिळते, पण तिच्या अटी बदलत असतात. त्यामुळे भारतीय महासंघाचे चालू परिपत्रक स्वतः वाचावे आणि ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आपण देशाकडून खेळलो आहोत, मग परवाना कशाला, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी डेव्हिड प्लॅट यांची कथा पाहावी. इंग्लंडकडून ६२ सामने आणि २७ गोल, १९९० च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध जादा वेळेच्या अखेरीस केलेला तो प्रसिद्ध गोल, आणि इटलीत खेळल्याचा अनुभव, एवढी शिदोरी घेऊन ते डिसेंबर १९९८ मध्ये इटलीतील सांपदोरिया या क्लबचे प्रशिक्षक झाले. त्यांच्याकडे आवश्यक परवाना नसल्याने इटलीतील प्रशिक्षकांनी आक्षेप घेतला. संघाचा खेळही सावरला नाही आणि सहा सामन्यांनंतर त्यांनी पद सोडले. पुढे त्यांनी इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाबरोबर आणि नंतर मँचेस्टर सिटीत सहायक म्हणून काम केले. हेच प्लॅट २०१५ मध्ये एफसी पुणे सिटीचे प्रशिक्षक म्हणून बालेवाडीत आले आणि तरीही त्या हंगामात पुण्याला उपांत्य फेरी गाठता आली नाही. एवढ्या मोठ्या खेळाडूची वाट जर इतकी खडतर असेल, तर नावाच्या जोरावर पायऱ्या वगळण्याचा विचार आपण सोडून दिलेला बरा.

पुण्यातील उमेदवाराने आपली चौकशी पुणे जिल्हा फुटबॉल संघटना आणि राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, यांच्याकडे करावी, कारण राज्यातील अभ्यासक्रम बहुधा त्यांच्यामार्फत जाहीर होतात आणि जागा मोजक्या असतात. वयाचा दाखला, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, आंतरराष्ट्रीय सामन्यांचे पुरावे आणि सध्या कोणत्या संघाला शिकवता याचे त्या संघाच्या पत्रशीर्षावरील पत्र, एवढी कागदपत्रे आधीच एका जागी करून ठेवावीत. त्या शेवटच्या पत्राअभावी चांगले खेळाडू ताटकळतात. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताशी कोणताच संघ नसतो.

येथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे एनआयएसची, पदविका आणि महासंघाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लब आणि अकादम्या परवाना विचारतात, तर शासकीय क्रीडा मार्गदर्शकाच्या किंवा तत्सम पदाच्या जाहिरातींत बहुधा एनआयएसची पदविका मागितलेली असते. ज्यांना नियमित पगाराची, निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने स्थिर नोकरी हवी आहे, त्यांनी दोन्हींचा विचार करावा आणि जाहिरातीतील पात्रता शब्दशः वाचावी.

परवान्याच्या प्रत्यक्ष परीक्षेत माजी खेळाडूंची अडचण ठरलेली असते. विषय मिळतो, सहाध्यायीच खेळाडू म्हणून उभे असतात, आणि ठरलेल्या वेळात तुम्हाला सराव मांडायचा, योग्य क्षणी थांबवायचा, चूक दाखवायची आणि पुन्हा सुरू करायचा असतो. अनेक जण शिट्टी वाजवून थांबवतात आणि मग स्वतःच चेंडू घेऊन करून दाखवतात. परीक्षक मात्र तुमचा पाय पाहत नसतो. चूक कोणत्या क्षणी सुरू झाली हे तुम्हाला दिसले का, ते दोन वाक्यांत सांगता आले का, आणि त्यानंतर खेळाडू सुधारला का, यावर त्याचे लक्ष असते.

शरीराला येते ते शब्दांत कसे आणावे

या मार्गदर्शनातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. समजा, तुम्ही मधल्या फळीत खेळत होता. पास येण्याआधी खांद्यावरून मागे पाहणे, शरीर अर्धे वळवून ठेवणे आणि लांबच्या पायाने चेंडू घेणे या तीन गोष्टी तुम्ही विचारही न करता करत होता. आता बारा वर्षांच्या मुलाला तुम्ही ‘मागे बघ, मागे बघ’ असे ओरडून सांगता. तो चेंडू पायाशी आल्यावर मागे बघतो, तोवर प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन गेलेला असतो, आणि पुढच्या वेळी तो मुलगा खेळ कळल्यामुळे मागे बघत नाही, तुमच्या आवाजाच्या धाकाने बघतो.

त्याऐवजी चार कोन ठेवून साधारण दहा पावलांचा चौकोन आखा. एका कडेला पास देणारा मुलगा, मध्ये पास घेणारा, आणि त्याच्या पाठीमागच्या कडेला तुम्ही स्वतः उभे राहा. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागण्याच्या थोडे आधी तुम्ही हात वर करून काही बोटे दाखवायची, आणि मधल्या मुलाने चेंडूला पहिला स्पर्श करण्याआधी ती किती होती हे मोठ्याने सांगायचे. सुरुवातीला गोंधळ होतो. काही मुले बोटे मोजण्याच्या नादात चेंडू सोडून देतात, काही चेंडू पाहतात आणि अंदाजाने आकडा ठोकून देतात. हा गोंधळ चालू द्यावा. थोड्या वेळाने एखाद्या मुलाच्या लक्षात येते की, चेंडू अजून दुसऱ्याच्या पायाशी आहे तोवरच मागे पाहायला सवड असते. ही वेळेची जाण त्याची त्याला सापडली की ती टिकते. मग बोटांच्या जागी एक बचावपटू आणा. तो डावीकडे सरकला तर उजवीकडे वळायचे, अंगावर आला तर एका स्पर्शात चेंडू परत द्यायचा, आणि तो दूर राहिला तर सरळ वळून पुढे जायचे. सरतेशेवटी चार विरुद्ध चार असा छोटा सामना खेळवा आणि चेंडू घेऊन वळून पुढे पास देणाऱ्या संघाला जादा गुण द्या. पाऊण तासाच्या या सरावात तुम्ही ‘मागे बघ’ हे शब्द एकदाही उच्चारलेले नसतात.

असा सराव रचण्यासाठी आधी स्वतःचा खेळ उलगडून पाहावा लागतो. संध्याकाळी वही घेऊन बसावे आणि आपण मैदानावर सहज करत होतो अशी एकच गोष्ट निवडावी. ती करताना डोळे कोठे असत, वजन कोणत्या पायावर असे, निर्णय कोणत्या क्षणी होई आणि चूक झाली तर ती कशामुळे होई, हे लिहून काढावे. बहुतेक माजी खेळाडूंना पहिल्या प्रयत्नात अर्धे पानही भरता येत नाही, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, कारण इतकी वर्षे हे ज्ञान शब्दांवाचून चालत आलेले असते. ही वही पुढे परवान्याच्या परीक्षेतही उपयोगी पडते आणि मुलाखतीतही.

दुसरी काळजी प्रात्यक्षिकाची. तुम्ही चेंडू छातीवर घेऊन अलगद खाली उतरवलात तर मुले टाळ्या वाजवतात आणि काहीच शिकत नाहीत, कारण ते त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. करून दाखवायचेच असेल तर सावकाश आणि एकदाच दाखवावे, आणि शक्य असेल तेव्हा गटातल्याच एखाद्या मुलाला ते करायला सांगावे. सूचना थोडक्यात द्यावी. उभ्या असलेल्या मुलांचे लक्ष अर्ध्या मिनिटापलीकडे टिकत नाही. पुण्याच्या मैदानावर एकाच गटात पेठेतला मराठी बोलणारा, लष्कर भागातला हिंदी-इंग्रजी बोलणारा आणि हिंजवडीच्या सोसायटीतला केवळ इंग्रजी बोलणारा अशी तीनही प्रकारची मुले असतात. त्यामुळे ‘टर्न’ (वळ), ‘मॅन ऑन’ (प्रतिस्पर्धी अंगावर येतोय), ‘टाइम’ (सवड आहे) असे सर्वांना ठाऊक असलेले मोजके पुकार ठरवून घ्यावेत आणि ते कधीही बदलू नयेत.

रहीम यांनी हैदराबादमध्ये केवळ कमजोर पायाने खेळायच्या किंवा ड्रिबलिंगला मनाई असलेल्या स्पर्धा घेतल्या होत्या. नियमाची एक अट बदलून खेळाडूला हवे ते शिकायला भाग पाडण्याची ही पद्धत आजच्या परवाना-अभ्यासक्रमांतही शिकवली जाते. रांगेत उभे करून कोनांमधून चेंडू नेण्याचा आपल्या लहानपणचा सराव मात्र जितका कमी ठेवाल तितका चांगला. एका मुलाचा पाय चेंडूला लागतो तेव्हा बाकीचे अकरा जण रांगेत नुसते उभे असतात.

पुण्यात सुरुवात कोठे करावी

पुण्याचे फुटबॉल लष्कर भाग आणि खडकी यांच्या आसपास, छावण्यांच्या आणि मिशनरी शाळांच्या आधाराने वाढले, आणि आजही शालेय फुटबॉल हाच या शहराचा कणा आहे. शाळेचा संघ हाती घेतला तर आंतरशालेय स्पर्धा आणि सुब्रोतो चषकाच्या जिल्हा, विभाग व राज्य पातळीवरील फेऱ्या अशी आखीव वाट समोर असते. मात्र शालेय हंगाम पावसाळ्यात येतो. जुलै-ऑगस्टच्या चिखलात जमिनीवरचा छोटा पास अडकतो, म्हणून जून महिन्यापासूनच चेंडू उचलून देणे, हवेतला चेंडू घेणे आणि ‘दुसऱ्या चेंडूवर’, म्हणजे झटापटीतून सुटून मोकळ्या पडलेल्या चेंडूवर, झडप घालणे याचा सराव ठेवावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे मैदान ओस पडते आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिरांची गर्दी होते. वर्षाचे नियोजन आणि मिळकतीचा अंदाज या दोन्ही गोष्टी या चक्राला धरूनच कराव्यात.

अकादमीत काम घेणार असाल तर तिची महासंघाकडे नोंदणी आहे का, तिचे संघ वयोगटांच्या साखळी स्पर्धांत खेळतात का, आणि एका प्रशिक्षकामागे किती मुले असतात, हे आधी विचारावे. टर्फवर भाड्याच्या तासात चालणाऱ्या वर्गांत पैसा बरा मिळतो, पण संघ नसतो, सामने नसतात, आणि संघाशिवाय प्रशिक्षकाची वाढ खुंटते. म्हणून उपजीविकेसाठी टर्फचे वर्ग घेतले तरी त्याच्या जोडीला जिल्हा संघटनेच्या साखळीतील एखाद्या क्लबचे काम अवश्य घ्यावे, मग तो खालच्या श्रेणीतला का असेना. एसएसपीएमएस या शाळेच्या मैदानावर जाऊन अशा क्लबांचे सामने पाहावेत आणि त्यांच्या चालकांशी बोलावे. ही मंडळी पदरमोड करून संघ चालवतात आणि परवानाधारक मदतनीस त्यांना हवाच असतो.

निवृत्त महिला खेळाडूंसाठी हा काळ पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू मेमोल रॉकी यांनी राष्ट्रीय महिला संघाचे प्रशिक्षकपद भूषवले. २०२२ च्या आशियाई महिला चषकाचे सामने पुण्यात बालेवाडीतही झाले. ती स्पर्धा जिंकणाऱ्या चीनच्या प्रशिक्षक शुई छिंगश्या या स्वतः माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू होत्या. नवी मुंबईतील अंतिम सामन्यात मध्यंतराला दोन गोलांनी मागे असलेला त्यांचा संघ, नंतर उतरवलेल्या खेळाडूंच्या जोरावर ३-२ असा जिंकला. मुलींच्या शालेय संघांना महिला प्रशिक्षक मिळाल्या की पालकांचा संकोचही कमी होतो, हे पुण्यातल्या शाळांनी मनावर घ्यायला हवे.

मुलांची सुरक्षा, वय आणि पालक

लहान मुलांबरोबर काम करायचे तर लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा वाचलेला असलाच पाहिजे. गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हाही या कायद्याखाली गुन्हा आहे. मुलांशी एकट्याने बंद खोलीत बोलू नये, संदेश पालकांच्या गटावरच पाठवावेत, बाहेरगावच्या सामन्यांना दुसरी जबाबदार व्यक्ती बरोबर असावी आणि मुलींच्या संघाबरोबर महिला असावी. स्वतःची पोलीस पडताळणी करून घेतलेली असेल तर शाळा मागण्याआधीच ती पुढे ठेवावी.

वयचोरीबाबत अत्यंत कठोर राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोठ्या वयाचा मुलगा लहान गटात खेळवला की चषक मिळतो, पण त्याच गटातला खरा लहान, चपळ मुलगा बाकावर बसून खेळ सोडून देतो. महासंघाच्या स्पर्धांत मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून वय अजमावण्याची टीडब्ल्यू-३ पद्धत वापरली जाते, आणि त्यात खेळाडू सापडला तर संघाबरोबर तुमचेही नाव जाते. जन्मदाखल्याच्या नोंदणीची तारीख जन्मानंतर बऱ्याच वर्षांची असेल तर तेथेच थांबून चौकशी करावी.

पालकांशी हंगामाच्या आरंभीच एक बैठक घ्यावी आणि त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात: लहान गटात प्रत्येक मुलाला खेळायला मिळेल, सामना चालू असताना सूचना फक्त प्रशिक्षक देईल, आणि निवडीविषयी बोलणे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी होईल.

मोठ्यांचा संघ हाती आल्यावर

कालपर्यंत जे तुम्हाला ‘दादा’ म्हणत होते त्यांना संघाबाहेर ठेवण्याची वेळ येते, आणि बहुतेक नव्या प्रशिक्षकांची कसोटी येथेच लागते. निर्णय यादीतून कळू देऊ नये. सामन्याच्या आदल्या दिवशी त्या खेळाडूला बाजूला घेऊन कारण स्वतः सांगावे. पी. के. बॅनर्जी यांची खेळाडूंना चेतवणारी भाषणे ‘व्होकल टॉनिक’ म्हणून बंगालमध्ये प्रसिद्ध होती, पण त्यामागे प्रत्येक खेळाडूच्या स्वभावाचा अभ्यास होता. नुसता आवाज उसना घेऊन ते साधत नाही. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत पहिली काही मिनिटे खेळाडूंना पाणी पिऊ द्यावे, मग दोनच मुद्दे सांगावेत, आणि त्यांपैकी एक तरी पाटीवर दाखवता येण्यासारखा असावा.

आपल्या काळी आपण मैदानाला किती फेऱ्या मारल्या याचा दाखला देऊन खेळाडूंना पळवू नये. सामन्यातले धावणे तुटक असते, वेग आणि विश्रांती यांची सांगड असलेले असते, आणि ते चेंडूसह घेतलेल्या छोट्या सामन्यांतून अधिक चांगले घडते. सामना शक्य तेव्हा मोबाइलवर उंचावरून चित्रित करावा. बालेवाडीच्या प्रेक्षागारातून किंवा एखाद्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरून बचावफळीतली अंतरे जशी दिसतात, तशी मैदानाच्या कडेवरून कधीच दिसत नाहीत.

करार, पैसा आणि क्लबांचे आयुष्य

भारतीय क्लबांचे आयुष्य बेभरवशाचे असते आणि पुण्याने ते जवळून पाहिले आहे. भारताचे माजी बचावपटू डेरिक परेरा यांनी महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली. तो क्लब २०१० मध्ये बंद झाला. परेरा यांनी पुणे एफसीला २००९-१० मध्ये आय-लीगच्या तिसऱ्या आणि २०१२-१३ मध्ये दुसऱ्या स्थानावर नेले. तोही क्लब पुढे काही वर्षांत उरला नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादच्या क्लबने घेतली. परेरा मात्र काम करत राहिले, गोव्यात तांत्रिक संचालकही झाले, कारण त्यांचे परवाने, त्यांचा अनुभव आणि त्यांनी घडवलेले खेळाडू क्लबबरोबर संपले नाहीत.

म्हणून करार लेखी असावा आणि त्यात मानधन कोणत्या तारखेला मिळेल, हंगामाबाहेरच्या महिन्यांचे काय, मुदतीआधी काढल्यास किती महिन्यांचे मानधन देय राहील, प्रवास व निवास कोणाकडे, आणि सरावाच्या चित्रफिती व नोंदी तुम्हाला ठेवता येतील का, हे स्पष्ट लिहून घ्यावे. मानधनातून कर कापला जात असेल तर त्याचा दाखला वेळच्या वेळी मागावा आणि विवरणपत्र भरावे. अनियमित मिळकतीच्या पेशात घरासाठी कर्ज काढताना बँक हेच कागद विचारते. नोकरी असलेल्या खेळाडूंनी, विशेषतः रेल्वे, बँक किंवा पोलीस दलात असलेल्यांनी, बाहेर शिकवण्यासाठी कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि बी परवाना हाती येईपर्यंत ती नोकरी सोडू नये.

बी परवान्यानंतर पुण्याबाहेर पडण्याची तयारी ठेवावी, कारण व्यावसायिक क्लबांचे राखीव आणि वयोगटांचे संघ प्रामुख्याने गोवा, बंगळूर, कोलकाता, मुंबई आणि ईशान्येत आहेत. अर्जासोबत आपल्या गोलांची चित्रफीत पाठवण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी एका पूर्ण हंगामाचे नियोजन, त्यातील दोन-तीन सरावांचे आराखडे, त्या सरावांचे चित्रीकरण आणि तुमच्या हाताखालून जिल्हा किंवा राज्य संघात गेलेल्या खेळाडूंची यादी पाठवावी. मुलाखतीत एखाद्या सामन्याचा तुकडा दाखवून ‘येथे तुम्ही काय बदलले असते?’ असे विचारले जाते. तेव्हा लगेच उत्तर देऊ नये. तो तुकडा पुन्हा एकदा लावायला सांगावा, चेंडूपासून दूर असलेल्या खेळाडूंकडे पाहावे, आणि मग चूक कोणत्या पासच्या आधी सुरू झाली ते दाखवून बोलायला सुरुवात करावी.